अक्षरे हाती, शब्द शोधायचा

शब्दकोशाला एकच प्रश्न नीट विचारता येतो: अमुक अक्षराने सुरू होणारा शब्द कुठे आहे? शब्दखेळ खेळणाऱ्याचे प्रश्न वेगळे असतात. हाताशी सात अक्षरे आहेत, त्यांतून काय जुळेल? पाच घरांच्या शब्दात मधले अक्षर ‘यू’ आहे, बाकीची चार कोणती? ‘क्यू’ आला आहे पण ‘यू’ नाही, मग काय करायचे? कोशाची पाने उलटून यांतल्या एकाचेही उत्तर लवकर मिळत नाही, कारण कोश लावणाऱ्याच्या डोळ्यांपुढे हे प्रश्न नव्हतेच. इंग्रजी शब्दखेळांभोवती शोधाच्या ज्या रीती तयार झाल्या, त्या या अडचणीतून.

नागपूर हे नाव उदाहरणाला घ्यावे. रोमन लिपीत एन, ए, जी, पी, यू, आर अशी सहा अक्षरे, एकही पुन्हा न येणारे. स्क्रॅबलच्या पाटावर हे नाव मांडता येत नाही, तिथे विशेषनामांना मज्जाव आहे. पण त्याच्या पोटात बरेच काही आहे. ‘गन’, ‘रग’, ‘अर्न’ हे तीन अक्षरी शब्द शाळकरी पोरालाही दिसतात. पाच अक्षरांचा ‘प्रँग’ जरा आडबाजूचा. गाडी किंवा विमान आदळणे हा त्याचा ब्रिटिश बोलीतला अर्थ. गंमत आहे ती चार अक्षरांत. जी-ए-यू-आर म्हणजे गौर, ताडोबा आणि पेंचच्या जंगलातला रानगवा. त्यातली मधली दोन अक्षरे अदलाबदल केली की जी-यू-ए-आर, म्हणजे भाजीबाजारातली गवार. दोन्ही शब्द हिंदीतून इंग्रजीत गेले, दोन्ही स्क्रॅबलला मान्य आहेत आणि दोघांना गुणही सारखेच, पाच. नागपूरच्या संत्र्याचीही तीच कथा. ‘ऑरेंज’ची सहा अक्षरे फिरवली की ‘ओनेजर’ होतो, म्हणजे रानगाढव. कच्छच्या छोट्या रणात दिसते ते त्याच जातीचे.

असे शब्द डोक्याने शोधताना माणूस अक्षरे हलवत बसतो. हा रस्ता लांबचा आहे. सहा वेगवेगळ्या अक्षरांच्या एक ते सहा लांबीच्या सगळ्या मांडण्या मोजल्या तर १,९५६ भरतात. सात अक्षरांच्या १३,६९९. यांतल्या बहुतेक निरर्थक. जवळची वाट उलट्या बाजूने जाते: अक्षरे हलवायची नाहीत, शब्दच आधी एका ठरावीक क्रमात बसवून ठेवायचे. यादीतल्या प्रत्येक शब्दाची अक्षरे ए-बी-सी-डीच्या क्रमाने लावली की त्याची एक खूण तयार होते. गौर आणि गवार या दोघांची खूण एकच, ए-जी-आर-यू. मग हातातली अक्षरेही त्याच क्रमाने लावून फक्त कोणती घ्यायची आणि कोणती सोडायची एवढेच ठरवायचे. सहा अक्षरांतून अशा निवडी ६३ होतात, सातांतून १२७. तेरा हजारांचे काम सव्वाशेवर येते. स्क्रॅबलपटू या खुणेला ‘अल्फाग्राम’ म्हणतात. मुरलेले अनेक खेळाडू पट्टीवर सोंगट्या वर्णक्रमाने लावून बसतात ते याचमुळे: त्यांनी शब्द पाठ केलेले असतात ते खुणेसकट, आणि खूण दिसली की शब्द आठवतो.

स्क्रॅबलचा प्रश्न हा ‘या अक्षरांतून’चा प्रश्न. शब्दकोडे आणि हँगमन यांचा प्रश्न ‘या जागी हे अक्षर’ असा असतो. तिसरा प्रकार ‘ही अक्षरे असलीच पाहिजेत’ असा. न्यूयॉर्क टाइम्सच्या ‘स्पेलिंग बी’त सात अक्षरे दिलेली असतात, मधले प्रत्येक शब्दात यावेच लागते आणि कोणतेही अक्षर कितीदाही वापरता येते. जॉश वॉर्डल याने २०२१ मध्ये लोकांपुढे आणलेला आणि जानेवारी २०२२ मध्ये त्याच वृत्तपत्राने विकत घेतलेला ‘वर्डल’ हा या प्रकारांची मिसळ आहे. हिरवे घर म्हणजे जागा पक्की, पिवळे म्हणजे अक्षर आहे पण इथे नाही, करडे म्हणजे अक्षरच नाही. मूळ खेळात उत्तराला पात्र असे सुमारे २,३०० पाच अक्षरी शब्द होते. नवखा माणूस हिरव्या-पिवळ्याच्या मागे लागतो. वास्तविक करडी घरेही यादी बरीच खाली आणतात.

जागेवरून शब्द ओळखण्याचा भारतीय मुलांचा अवतार म्हणजे ‘बॉलिवूड’. चित्रपटाच्या रोमन नावातले स्वर लिहायचे, व्यंजनांच्या जागी रेघा, आणि चूक झाली की ‘बॉलिवूड’ या शब्दातले एकेक अक्षर खोडायचे. नऊ अक्षरे म्हणजे नऊ जीव. ‘सैराट’ असा लिहिला की सहापैकी तीन घरे आधीच भरतात आणि ओळखणारा फार वेळ घेत नाही. नागपूरच्या झोपडपट्टी फुटबॉलवरचा, नागराज मंजुळे यांचा २०२२ चा ‘झुंड’ मात्र अवघड जातो: दोन रेघा, मध्ये यू, पुन्हा दोन रेघा. इंग्रजीच्या सवयीने खेळणारा टी, आर, एस, एल म्हणत जातो, कारण त्या सापळ्यात ‘ट्रक’, ‘ब्रश’, ‘क्रस्ट’ हेच त्याला दिसतात, आणि चार जीव गमावतो. हिंदी-मराठी नावांचा अंदाज असलेला आधी ‘एच’ विचारतो. ख, घ, झ, ध, भ ही सगळी व्यंजने रोमनमध्ये ‘एच’ घेऊन येतात, त्यामुळे आपल्या नावांत त्या अक्षराचे पीक इंग्रजीपेक्षा दाट आहे.

कोणते अक्षर किती वेळा येते हा हिशेब खेळांच्या आधीपासून धंद्याचा होता. तारयंत्राच्या सांकेतिक लिपीवर काम करताना आल्फ्रेड व्हेल याने छापखान्यातल्या खिळ्यांच्या पेटीत कोणते अक्षर किती भरलेले असते ते पाहिले, असे सांगतात; ‘ई’ला एक टिंब आणि ‘टी’ला एक रेघ मिळाली ती अशी. लायनोटाइप यंत्राच्या कळाही वापराच्या क्रमाने होत्या, आणि त्यांच्या पहिल्या दोन उभ्या ओळी सरळ ओढल्या की ई-टी-ए-ओ-आय-एन, मग एस-एच-आर-डी-एल-यू असा निरर्थक मजकूर पडे. ओळ चुकली की यंत्रचालक मुद्दाम तसे करी, म्हणजे ती काढून टाकायची हे पुढच्याला कळे. कधी कोणाला कळत नसे आणि तो मजकूर वृत्तपत्रात छापून येई. अमेरिकेतला बेकार वास्तुविशारद आल्फ्रेड बट्स याने १९३० च्या दशकात वृत्तपत्रांची पाने घेऊन अक्षरे मोजली आणि पुढे स्क्रॅबल म्हणून ओळखला गेलेला खेळ बांधला. १०० सोंगट्यांत ‘ई’च्या बारा, ‘क्यू’ आणि ‘झेड’ची एकेक, प्रत्येकी दहा गुणांची. ‘एस’ मात्र त्याने चारच ठेवले. इंग्रजीत बहुतेक नामांना ‘एस’ लावून अनेकवचन करता येते, आणि ते फार सोपे झाले असते.

शब्दकोडे त्याहून जुने. आर्थर विन याचे पहिले कोडे न्यूयॉर्क वर्ल्ड या वृत्तपत्रात २१ डिसेंबर १९१३ रोजी आले. भारतात त्याचे एक विलक्षण रूप झाले, ते बक्षिसांच्या कोड्यांचे. अक्षरांवरून शब्द शोधण्याचा प्रश्न इथे थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला.

या कोड्यांत मुद्दाम एक अक्षर मोकळे ठेवलेले असे, आणि सूचनेला दोन-तीन शब्द सारखेच लागू पडत. नमुना म्हणून असे समजावे: ‘घराबाहेर पडताना जवळ असावा’, पहिले घर पी, मधले रिकामे, शेवटचे एन. पेन? पिन? दोन्हींत चूक कोणती ते सांगता येत नाही. ‘बरोबर’ उत्तर म्हणजे चालकाने आधीच मोहोरबंद करून ठेवलेले उत्तर. त्यामुळे स्पर्धक एकाच कोड्याची अनेक प्रवेशपत्रे भरत, प्रत्येकात मोकळ्या घरांची वेगळी जुळणी, आणि प्रत्येक प्रवेशपत्राला फी. अशी दहा घरे आणि प्रत्येकाला दोनच पर्याय धरले तरी जुळण्या १,०२४ होतात. भाषेचे ज्ञान दोन पर्यायांपर्यंत पोहोचवी. तिथून पुढे नाणेफेक.

मुंबई राज्याने १९४८ मध्ये लॉटऱ्या आणि बक्षीस स्पर्धांवर नियंत्रण व कर बसवणारा कायदा केला आणि १९५२ च्या दुरुस्तीने राज्याबाहेर छापल्या जाणाऱ्या वृत्तपत्रांतल्या स्पर्धांनाही त्यात ओढले. बंगळुरूहून निघणारे आणि मुंबई राज्यात भरपूर खपणारे ‘स्पोर्टिंग स्टार’ हे असेच एक पत्र होते. ‘आरएमडीसी’ कोडी त्यात येत. चालक आर. एम. डी. चमारबागवाला न्यायालयात गेले. ९ एप्रिल १९५७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला: ज्या स्पर्धेत यश बऱ्याच अंशी कौशल्यावर अवलंबून नाही ती जुगारात जमा, आणि जुगाराला व्यापाराच्या मूलभूत हक्काचे संरक्षण नाही. त्याच दिवशी दुसऱ्या निकालाने १९५५ चा केंद्रीय बक्षीस स्पर्धा कायदाही टिकला. महिन्याला एकूण १,००० रुपयांहून अधिक बक्षीस असलेल्या स्पर्धेला त्याने बंदी घातली होती, आणि त्याखालच्या स्पर्धेलाही परवाना व जास्तीत जास्त २,००० प्रवेशपत्रे अशी मर्यादा. कौशल्य आणि नशीब यांतली रेघ ओढताना भारतातली न्यायालये आजही हे निकाल उघडतात, आता ऑनलाइन रमीसाठी. शब्दकोड्यांपुरते पाहिले तर एवढेच, की ज्या कोड्यात दिलेल्या अक्षरांत एकच शब्द बसतो ते कोडे, आणि जिथे चार बसतात तिथे सोडत.

कठीण अक्षरांचा विचार भारतीय खेळाडूला जरा सोयीचा आहे. इंग्रजीत ‘क्यू’च्या मागे ‘यू’ येतोच अशी शाळेतली शिकवण. पण स्क्रॅबलच्या यादीत ‘यू’ची वाट न पाहणारे शब्द बरेच, आणि त्यांतले कितीतरी अरबी-फारसीच्या वाटेने आलेले. फकीर, तलाक, नकाब, कव्वाली. हिंदीत ज्या ‘क’खाली नुक्ता पडतो तोच रोमनमध्ये ‘क्यू’ होऊन बसतो. शब्दाच्या शेवटी ‘आय’ इंग्रजीत क्वचित येतो; ‘रोटी’, ‘इडली’, ‘देसी’, ‘धोती’, ‘लाठी’ ती अडचण दूर करतात. बंद, धरणे, घेराव आणि हरताळ ही तर आपल्या सार्वजनिक जीवनाची इंग्रजीला दिलेली देणगी, चारही यादीत आहेत. तमाशाही आहे. आणि मुंगूस: इंग्रजी ‘मंगूस’ हा मराठीतूनच गेलेला शब्द मानला जातो. ‘व्ही’ मात्र कोणालाच दयामाया दाखवत नाही. इंग्रजी स्क्रॅबलमध्ये मान्य असलेल्या सव्वाशेवर दोन अक्षरी शब्दांत ‘व्ही’ असलेला एकही नाही.

या यादीत अर्थाला स्थान नाही, हे नवख्याला पटायला वेळ लागतो. कॉलिन्सच्या स्क्रॅबल-यादीत सुमारे २ लाख ८० हजार शब्द आहेत. स्पर्धेत शब्दाला आव्हान दिले की तो यादीत आहे की नाही एवढेच पाहिले जाते, अर्थ कोणी विचारत नाही. २००७ ची जागतिक स्क्रॅबल स्पर्धा मुंबईत झाली आणि न्यूझीलंडचा नायजेल रिचर्ड्स ती जिंकला. याच रिचर्ड्सने २०१५ मध्ये फ्रेंच भाषेतली जागतिक स्पर्धा जिंकली. त्याला फ्रेंच बोलता येत नव्हते. काही आठवड्यांत त्याने फ्रेंच यादी पाठ केली होती. भाषेचा अभिमान बाळगणाऱ्यांना हे खटकते, पण खेळ तसाच आहे. तो अक्षरांच्या जुळण्यांचा आहे, भाषा त्यात निमित्तमात्र.

संगणकाला हे काम अंगभूत जमते. ‘कोणतीही दोन अक्षरे, मग यू, मग कोणतीही दोन’ असा सापळा देऊन मजकुरातून ओळी निवडणारी ‘ग्रेप’ ही आज्ञा केन थॉम्पसनने युनिक्ससाठी १९७३ च्या सुमारास लिहिली, आणि आजही शब्दांची यादी एका फाइलमध्ये असली तर त्याहून अधिक काही लागत नाही. ‘ही अक्षरे असलीच पाहिजेत’ या प्रश्नाला तर आणखी सोपी युक्ती आहे: प्रत्येक शब्दासाठी २६ दिव्यांची एक रांग कल्पावी, जे अक्षर शब्दात आहे त्याचा दिवा लागलेला. हव्या अक्षरांची रांग त्यावर ठेवली की शब्द चालतो की नाही ते एका फटक्यात कळते. पाटावर खेळणाऱ्या यंत्रासाठी अँड्र्यू अॅपल आणि गाय जेकबसन यांनी १९८८ मध्ये शब्दयादीचे जाळे केले, ज्यात सारख्या सुरुवाती आणि सारखे शेवट एकदाच साठवले जातात. त्यात शब्द डावीकडून उजवीकडेच वाचता येतो, आणि पाटावर तर आधी मांडलेले अक्षर अनेकदा शब्दाच्या मध्येच येते. म्हणून १९९४ मध्ये स्टीव्हन गॉर्डनने मधल्या कोणत्याही अक्षरापासून दोन्हीकडे वाढणारी रचना सुचवली. फोनमधली शब्दशोधक साधने या ना त्या रूपात हेच करतात. चालू खेळात ती वापरणे ही लबाडी. खेळ संपल्यावर आपण काय चुकलो ते पाहायला मात्र त्यांच्यासारखा मास्तर नाही.

शेवटच्या अक्षरावरून शब्द शोधण्याची सोय इंग्रजीत जॉन वॉकरने १७७५ मध्ये केली. त्याचा कोश शब्दांच्या शेवटावरून लावलेला होता, मुख्यतः यमके जुळवणाऱ्यांसाठी. संस्कृत कोशकारांना ही कल्पना फार आधीपासून ठाऊक होती. अमरकोशाच्या तिसऱ्या कांडातला नानार्थवर्ग शब्दाच्या शेवटच्या व्यंजनाच्या क्रमाने आहे, आधी क-अंती, मग ख-अंती. मेदिनीकोश एक पाऊल पुढे जातो आणि अक्षरसंख्याही धरतो: ‘कद्विक’ म्हणजे शेवटी क असलेले दोन अक्षरी शब्द, ‘कत्रिक’ म्हणजे तीन अक्षरी. शब्दकोडे सोडवणाऱ्याचा हा अगदी नेमका प्रश्न. ज्यांना तो पडत असे ते कोडी सोडवत नव्हते, वृत्ते जुळवत होते.

अक्षर वगळून लिहिण्याचीही परंपरा संस्कृतातलीच. दंडीच्या दशकुमारचरितात मंत्रगुप्ताचे ओठ प्रियेने दुखवलेले असतात, म्हणून तो आपली सगळी हकीकत ओष्ठ्य वर्णांविना सांगतो. मोरोपंतांच्या १०८ रामायणांत एक निरोष्ठ रामायण आहे. प, फ, ब, भ, म यांना बंदी म्हटली की पहिली अडचण नायकाच्या नावातच येते. ‘राम’ म्हणताना ओठ मिटतात. काटेकोर शास्त्राप्रमाणे उकार आणि व यांनाही ओठ लागतात, म्हणजे ‘रघुनाथ’ आणि ‘राघव’ हेही गेले. आजच्या शब्दशोधक साधनाला ‘ही अक्षरे नसलेले शब्द’ असे विचारावे, तसे पंतांनी स्वतःच्या शब्दसंग्रहाला विचारले असणार.

हे सगळे मराठीला लावायचे तर आधी अक्षर म्हणजे काय ते ठरवावे लागते, आणि तिथे खरी गुंतागुंत सुरू होते. मराठी शब्दकोड्याच्या एका घरात एक अक्षर, मात्रेसकट, जोडाक्षरासकट. ‘नागपूर’ला चार घरे, ‘संत्रा’ला दोन. संगणकाच्या युनिकोडमध्ये मात्र काना, उकार, अनुस्वार आणि जोडाक्षरातला हलन्त यांना वेगवेगळे संकेतांक आहेत. त्या हिशेबात नागपूर सहा घटकांचे होते: न, काना, ग, प, दीर्घ उकार, र. संत्राही सहाच: स, अनुस्वार, त, हलन्त, र, काना. ‘पाच अक्षरी शब्द दाखव’ असे इंग्रजी पद्धतीच्या साधनाला सांगितले तर ते भलतेच शब्द काढते ते यामुळे.

अक्षरे फिरवण्याच्या खेळात हा फरक मजेशीर होतो. कलम फिरवले की कमल मिळते, दोन्ही हिशेबांनी. पण ‘नवरा’चे घटक न, व, र आणि एक काना, तो काना र वरून उचलून व ला दिला आणि क्रम बदलला की ‘वानर’. संगणक या दोघांना एकमेकांची अदलाबदल मानतो, कित्येक घरांत ते मान्यही होईल, पण मराठी कानाला ते पटत नाही, कारण रा आणि र ही त्याच्यासाठी दोन निराळी अक्षरे. वाल्याच्या कथेत ‘मरा मरा’चे ‘राम राम’ होते ते अक्षरांच्या पातळीवर: म आणि रा या दोन घरांची जागा बदलते, काना आपल्या र ला सोडत नाही. ‘रामाला भाला मारा’ हे वाक्य उलटसुलट सारखे वाचता येते तेही याच न्यायाने. ‘चिमा काय कामाची’ म्हणताना पहिला इकार ऱ्हस्व आणि शेवटचा दीर्घ, तेवढ्याकडे सगळे काणाडोळा करतात.

भेंड्या खेळताना मात्रा सोडून व्यंजन तेवढे धरतात, म्हणजे तिथे तिसराच हिशेब. शिवाय ळ आणि ण ने मराठी शब्द सुरू होत नाहीत, जैनांच्या णमोकार मंत्रासारखा एखादा अपवाद सोडला तर. म्हणून ळ वर संपले की ल, ण वर संपले की न घ्यायचा, असा घरोघर मान्य तह आहे. वऱ्हाडी-नागपुरी बोलीत ळ चा य होतो, डोळ्याचा ‘डोया’ होतो, पण भेंडी लिहिलेल्या रूपावरच चढते. ‘नाव-गाव-फळ-फूल’ या खेळात एकजण मनात बाराखडी म्हणतो, दुसरा थांबवतो, आणि त्या अक्षराने सगळे शब्द लिहायचे. खेळांच्या सगळ्या पसाऱ्यात मोल्सवर्थचा किंवा दाते-कर्वे यांचा कोश जसाच्या तसा उपयोगी पडेल असा हा एकच. तोही गावांच्या रकान्यात नाही.

शब्दकोडे रचणाऱ्याची अडचण यातून कळते. इंग्रजीत दोन शब्द एकमेकांना छेदतात तिथे २६ पैकी एक अक्षर जुळले की झाले. मराठीत बाराखडीच धरली तरी तीसहून अधिक व्यंजनांची बारा-बारा रूपे, म्हणजे चारशेच्या घरात, आणि वर जोडाक्षरे वेगळी. म्हणून मराठी चौकटीत काळी घरे जास्त पडतात आणि छेद कमी. आडवे ‘नागपूर’ मांडले तर तिसऱ्या घरातला पू धरून उभा शब्द हवा: पूजा, कापूर, किंवा विदर्भाला शोभेल असा कापूस. तो बसतो. पण सूचनेला उत्तर म्हणून प्रत्यय लागलेले रूप घ्यायची वेळ आली की जुळणी मोडते. ‘नागपुरात’ म्हटले की पू चा पु होतो, आणि ‘कापसात’ म्हटले की नुसता प उरतो.